१९६८ च्या जीटीओचं इंजिन बदलायचं का? एका निर्णयाची हकीकत

पार्श्वभूमी

गाडी १९६८ ची पोंटिॲक जीटीओ. दोन दारांची हार्डटॉप, चार गिअरचा मन्सी गिअरबॉक्स, मागे ३.५५ चं डिफरन्शियल आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. इंजिन ४०० घन इंचांचं व्ही-८, म्हणजे साडेसहा लिटरचं. बॉनेटवर, ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर, काचेबाहेर बसवलेला टॅकोमीटर, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतात ते दाखवणारा काटा. पोंटिॲकने हा प्रकार ऑप्शन म्हणून दिला होता आणि या गाडीवर तो अजून चालतो.

मालक मराठी. तीसेक वर्षं मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात राहतात. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मी त्यांना दादा म्हणतो, इथेही तसंच म्हणेन. बारा वर्षांपूर्वी त्यांनी ही गाडी एका वयस्कर बाईंकडून घेतली. बाईंच्या यजमानांनी ती नवी घेतली होती. हिवाळ्यात इथे रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे गाडी मे ते ऑक्टोबरच बाहेर निघते.

वुडवर्ड ॲव्हेन्यू डेट्रॉइटमधून निघतो आणि थेट पोंटिॲक गावात पोचतो. या रस्त्यावर १९९५ पासून ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी जुन्या गाड्यांचा मोठा मेळा भरतो. दादा दर वर्षी जातात. ज्या ऑगस्टपासून ही हकीकत सुरू होते, त्या वर्षी त्यांची गाडी मेळ्यातल्या मुंगीच्या चालीच्या गर्दीत उकळली. बाजूला घेऊन बॉनेट उघडावं लागलं. लेक शेजारच्या सीटवर होती. घरी आल्यावर दादांनी मला फोन केला.

"अरे, आता पुरे झालं. इंजिनच बदलून टाकू या."

अडचण

दादांच्या डोक्यात शेव्हरोलेचं एलएस-३ होतं. ६.२ लिटर, ॲल्युमिनियमचं, फ्युएल इंजेक्शनवालं, ४३० अश्वशक्तीचं. जुन्या गाडीत हे इंजिन बसवणारी दुकानं अमेरिकेत ठिकठिकाणी आहेत. एका दुकानाचं कोटेशन त्यांनी आणलंही होतं: २४,००० डॉलर, त्यात गिअरबॉक्स नाही.

मी त्यांना म्हटलं, आधी गाडीबद्दलच्या सगळ्या तक्रारी एका कागदावर लिहा. "इंजिन जुनं झालंय" ही तक्रार धरायची नाही. गाडी चालवताना प्रत्यक्ष काय त्रास होतो, तेवढंच लिहायचं. त्यांनी लिहिलं ते असं: गर्दीत तापते. चढावर पाय दाबला की खडखड आवाज मारते. गरम असताना बंद केली तर पुन्हा सुरू होताना स्टार्टर अडखळतो. हायवेवर इतका गोंगाट की लेकीशी बोलता येत नाही. पिकअप पूर्वीसारखा नाही. आणि शेवटी, बारीक अक्षरात: उतारावर ब्रेकची भीती वाटते.

यातल्या किती तक्रारी इंजिन बदलून जातील? गोंगाट जाणार नाही, कारण तो गिअरिंगचा आहे. या टायरवर ताशी ७० मैलांना चौथ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला ३,१५० फेऱ्यांच्या आसपास फिरतं, मग ते कुठलंही असो. ब्रेकची भीती तर वाढेलच. कागद समोर आला तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की एलएस-३ चा विचार निदान एक हिवाळा बाजूला ठेवायला हवा.

तपासणी

सुरुवात नंबरांपासून केली, कारण पुढचे सगळे पर्याय त्यावरच ठरणार होते. गाडीचा चेसिस नंबर २४२ ने सुरू होतो. म्हणजे ही खरी जीटीओ, पोंटिॲकच्याच साध्या लेमान्स मॉडेलवर बिल्ले चिकटवलेली नाही. १९६८ पासून ब्लॉकवरही, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव ढाच्यावरही, गाडीच्या नंबराचा भाग ठोकलेला असतो. तो वाचणं सोपं नव्हतं. ब्लॉकच्या पुढच्या अंगाला पन्नास वर्षांचं तेल आणि रंग. इथे वायर ब्रश किंवा पॉलिश पेपर चालवायचा नाही. एकदा ओरखडे पडले की नंबर पुसट होतो, आणि पुढे कोणी बघितलं तर खाडाखोड केल्याचा संशय येतो. थिनरमध्ये भिजवलेलं फडकं दहा-दहा मिनिटं धरून ठेवत मऊ झालेला थर पुसत गेलो, मग त्यावर आडवा खडू घासला. आधी २ दिसला, मग ८, मग पी, आणि पुढचे सहा आकडे एकेक करून वर आले. सगळे चेसिसशी जुळले. जवळच डब्ल्यूटी हा कोडही होता: ३५० अश्वशक्तीचं ४००, मॅन्युअल गिअरसाठी. दादा बराच वेळ टॉर्च धरून तिथेच वाकून उभे होते.

मग टायमिंग. टायमिंग म्हणजे पिस्टन वर पोचण्याआधी किती अंशांवर ठिणगी पडते ते. टायमिंग लाइटवर एकूण ॲडव्हान्स ३४ अंश दिसत होता, म्हणजे या इंजिनला हवा तसाच. मग खडखड का? क्रँकच्या टोकाला जो बॅलन्सर असतो त्याची बाहेरची कडी रबरावर बसवलेली असते. रबर वठलं की कडी सरकते आणि तिच्यावरची खूण खोटं सांगू लागते. एक नंबरच्या प्लगच्या भोकात पिस्टन अडवणारा खुंटा लावला, क्रँक हाताने एका बाजूने अडेपर्यंत फिरवला, खूण केली. उलट फिरवला, दुसरी खूण केली. दोन्हींच्या बरोबर मधे खरा वरचा बिंदू. कारखान्याची खूण त्यापासून सुमारे १२ मिलिमीटर दूर होती. म्हणजे आठ अंश. ३४ दिसत होतं तेव्हा ठिणगी ४२ वर पडत होती. चढावरची खडखड आणि गरम स्टार्टरचं अडखळणं, दोन्हींचा मोठा वाटा या बारा मिलिमीटरमध्ये होता.

तापण्याचं कारण त्याहून साधं निघालं. रेडिएटर आणि पंख्याच्या मधे जी प्लॅस्टिकची श्राउड असते ती कुणीतरी कधीतरी काढून टाकली होती आणि पंख्याचा क्लच ढिला झाला होता. गाडी चालत असताना वारा काम करतो. गर्दीत उभी राहिली की पंखा नुसता हवा ढवळत बसतो.

पण इंजिन निर्दोष नव्हतं. कॉम्प्रेशन सहा सिलिंडरांत १६५ पीएसआयच्या आसपास, पाच आणि आठ नंबरात १२०. लीक-डाउन टेस्टमध्ये (सिलिंडरात हवा भरून किती सुटते ते बघतात) त्याच दोघांची गळती ३० टक्क्यांच्या वर, आणि सायलेन्सरच्या नळीला कान लावला तर हवेची सूं ऐकू येत होती. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बसत नव्हते. या पिढीतली बहुतेक इंजिनं शिसेयुक्त पेट्रोलवर चालायची. त्यातलं शिसं व्हॉल्व्ह ज्यावर टेकतो त्या कडेचं, म्हणजे सीटचं, रक्षण करायचं. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ते पेट्रोल १९९६ च्या सुरुवातीला पूर्ण बंद झालं. हेड म्हणजे ब्लॉकवर बसणारा, व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग. कडक सीट न बसवलेल्या हेडमध्ये ताण पडला की सीट झिजते. ऑइल प्रेशर मात्र ठीक होतं: गरम इंजिनला आयडलवर १५, ३,००० वर ५०.

पर्याय

एलएस-३ चा पर्याय आधी घेतो, कारण दादांचा जीव त्यात होता. त्यांचा युक्तिवाद मला आजही पटतो. १९६४ साली पोंटिॲकने काय केलं? मधल्या आकाराच्या टेम्पेस्टमध्ये मोठ्या गाडीचं ३८९ घन इंचांचं इंजिन घातलं, आणि त्यातून जीटीओ जन्मली. "ही गाडी जन्मलीच मोठं इंजिन बसवून, मग मी बसवलं तर काय बिघडलं?" याला माझ्याकडे तात्त्विक उत्तर नव्हतं, आणि मी दिलंही नाही. व्यवहाराची उत्तरं होती. नवं इंजिन बसवायचं तर माउंट, ऑइल पॅन, एक्झॉस्ट, टाकीतला उच्च दाबाचा पंप, वायरिंग, कंट्रोलर, मीटर हे सगळं बदलतं. बॉनेटवरच्या त्या टॅकोमीटरलाही वेगळा सिग्नल पुरवावा लागतो. आणि ३५० विरुद्ध ४३० ही तुलनाच फसवी आहे. १९६८ चे आकडे ग्रॉस पद्धतीचे, म्हणजे इंजिन स्टँडवर, एअर क्लीनर नाही, गाडीचा सायलेन्सर नाही. अमेरिकन कंपन्यांनी १९७२ पासून नेट आकडे, म्हणजे हे सगळं जोडून मोजलेले, द्यायला सुरुवात केली. एलएस-३ चे ४३० नेट आहेत. खरा फरक कागदावरच्या ८० पेक्षा बराच मोठा आहे, आणि तेवढा फरक जुन्या मागच्या ॲक्सलवर आणि ड्रम ब्रेकांवर येऊन पडला असता.

दुसरा पर्याय पोंटिॲकचंच इंजिन मोठं करण्याचा. ४०० चा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वर-खाली प्रवास, ३.७५ इंच. त्यात ४.२५ इंचांचा क्रँक आणि थोडा मोठा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, घेतला की ४६१ घन इंच होतात. पोंटिॲकच्या व्ही-८ ची एक खासियत अशी की ३२६ पासून ४५५ पर्यंत सगळी इंजिनं बाहेरून एकाच आकाराची. ४६१ बसवलं तरी बॉनेट उघडणाऱ्याला ४०० च दिसतं. पोंटिॲकचे मूळचे ओतीव कनेक्टिंग रॉड हे या इंजिनांचं दुबळं अंग; या कामात तेही जातात आणि घडीव येतात. खर्च १३ ते १४ हजार. पण मूळ ब्लॉक बोअर करायचा म्हणजे धातू कापायचा, आणि कापलेला धातू परत येत नाही. दुसरा ४०० चा ब्लॉक शोधून त्यात हे काम करणं मला जास्त पटत होतं.

तिसरा पर्याय मूळ इंजिन जसंच्या तसं बांधण्याचा. त्यात दगदग कमी, पण १०.७५ चं कॉम्प्रेशन, म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण जितक्या पटीने दाबलं जातं ते, तसंच राहतं. आजच्या पंपावरचं ९३ ऑक्टेन त्याला काठावरच पुरतं.

चौथा पर्याय फक्त हेड बदलण्याचा. इथे थोडं गणित लागतं. प्रत्येक सिलिंडरचं आकारमान ५० घन इंच, म्हणजे ८१९ सीसी. १०.७५ चं कॉम्प्रेशन हवं तर पिस्टन वर असताना ८४ सीसी जागा उरते. मूळ हेडमधली पोकळी ७२ सीसीची. पोंटिॲकसाठी ८७ सीसीची ॲल्युमिनियम हेड विकत मिळतात. १५ सीसी वाढले की जागा ९९ सीसी होते आणि कॉम्प्रेशन सव्वानऊच्या आसपास येतं. ॲल्युमिनियम उष्णता लवकर सोडतं, सीट कडक असतात, पोर्ट मोकळे असतात. खडखड जाते आणि ताकद तरीही वाढते. मुख्य म्हणजे ब्लॉकला हात लागत नाही आणि मूळ हेड खोक्यात जपून ठेवता येतात.

प्रदूषण चाचणीचा प्रश्न मिशिगनमध्ये नाही, तशी चाचणीच होत नाही. कॅलिफोर्नियातही १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना सूट आहे.

निर्णयाचे टप्पे

आम्ही एकदम एकच मोठा निर्णय घेतला नाही. पहिला टप्पा ठरवायला पाच मिनिटं लागली: नवा बॅलन्सर, श्राउड, पंख्याचा क्लच. खर्च चारशेच्या आसपास. डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, चाकांपाशी आधी २०४ अश्वशक्ती मिळाली होती, टायमिंग खरं केल्यावर २२६. सप्टेंबरच्या एका दुपारी दादा मुद्दाम गर्दीच्या वेळी तासभर गाडी घेऊन फिरले. काटा जागचा हलला नाही.

दुसरा टप्पा होता ब्रेक आणि गिअरबॉक्स. इथे आमचे मतभेद झाले. दादांना हे पैसे इंजिनावर घालायचे होते. मी अडून बसलो. ताकदीवर एक डॉलर जाण्याआधी गाडी थांबली पाहिजे, यावर मी कुणाशीही तडजोड करत नाही. पुढे डिस्क ब्रेक बसवले, १,३०० डॉलर. त्या काळी तो ऑप्शन कारखान्यातूनच मिळायचा, त्यामुळे गाडीच्या स्वभावाला धक्का लागत नाही. मन्सी उतरवून ट्रेमेकचा पाच गिअरचा बॉक्स बसवला, पाचवा ०.६८ चा. क्लच आणि प्रोपेलर शाफ्ट धरून ५,८०० झाले. ताशी ७० मैलांना ३,१५० ऐवजी २,१५०. पहिल्या फेरीत दादांनी पाचवा टाकला आणि बॉनेटवरचा काटा खाली आला, तेव्हा दोघंही काही बोललो नाही. मागच्या खिडकीतून येणारा वारा पहिल्यांदाच ऐकू येत होता.

या टप्प्यानंतर दादांनी एलएस-३ चं कोटेशन स्वतःहून फाइलमध्ये टाकलं. नंबर जुळल्याचाही त्यात वाटा होता. पण मला वाटतं, कागदावरच्या सहापैकी चार तक्रारी संपल्या होत्या, हे जास्त महत्त्वाचं.

तिसरा टप्पा हेडचा. पाच आणि आठ नंबरचे व्हॉल्व्ह तसेच सोडता येत नव्हते. फक्त हेड करायचं की इंजिन उतरवून पूर्ण उघडायचं? ऑइल प्रेशर चांगलं, उरलेल्या सहा सिलिंडरांची गळती ८ ते १२ टक्के. मी म्हटलं, खालचं अर्धं इंजिन चांगलं आहे, उगाच कशाला उघडा. जानेवारीत हेड बसली; गॅस्केट आणि ट्यूनिंगसह ४,६०० डॉलर. त्यांना पोंटिॲकचा निळा रंग दिला. इंजिन ५,००० च्या वर न्यायचं नाही, असं जुन्या रॉडमुळे ठरलं.

निकाल

चाकांपाशी २६८ अश्वशक्ती. चढावर खडखड नाही, ९३ वर गाडी मोकळी पळते. एकूण खर्च १२,१०० डॉलर. विम्याची ठरलेली किंमत बदलांची यादी दिल्यावरही कमी झाली नाही, कारण काढलेली प्रत्येक वस्तू नंबरासकट घरात आहे.

गाडीला ऐतिहासिक नंबर प्लेट होती. मिशिगनमध्ये त्या प्लेटवर गाडी प्रदर्शनं, क्लबचे कार्यक्रम यांपुरती वापरता येते. ऑगस्टमध्ये मात्र मोकळीक असते. दादांनी साधी प्लेट घेतली आणि जूनमध्ये लेकीला घेऊन शिकागोला जाऊन आले. तिने परतीच्या वाटेवर दोन तास गाडी चालवली.

पण उन्हाळ्याच्या मध्यावर ऑइलची पातळी उतरायला लागली. साधारण ९०० मैलांना एक क्वार्ट, म्हणजे जवळपास एक लिटर. धूर दिसत नाही, गळती नाही, पण प्लगवर काळा ओलसर थर. वरचं अंग घट्ट झालं आणि पिस्टनभोवतीच्या जुन्या रिंगांवरचा भार वाढला, असा माझा अंदाज आहे. गाडी चालते, दादा डिकीत दोन डबे ठेवतात, पण हे असंच चालू द्यायचं नाही.

पुन्हा करायचं झालं तर

बॅलन्सरची खूण पडताळल्याशिवाय टायमिंगवर विश्वास ठेवणार नाही, हे मी आता प्रत्येक जुन्या गाडीला लावतो. ब्रेक आणि गिअरबॉक्सचा क्रम तोच ठेवीन.

हेडच्या बाबतीत मात्र माझा सल्ला चुकला. लीक-डाउनचे आकडे थंड इंजिनाचे होते, एकदाच घेतलेले. गरम इंजिनावर पुन्हा घ्यायला हवे होते, आणि हेड निघाल्यावर सिलिंडरच्या वरच्या काठावरची झीज मोजायला हवी होती. बोअर गेज माझ्या कपाटात होता. अर्ध्या तासाचं काम. ते केलं असतं तर रिंगांचा प्रश्न जानेवारीतच समोर आला असता, आणि गॅस्केट व मजुरीचा दुसरा खर्च वाचला असता. ऑइल प्रेशर बेअरिंगची तब्येत सांगतं, रिंगांची नाही. हे मला माहीत होतं, तरी चांगल्या आकड्यावर मी विसंबलो. दादांना मी हे याच शब्दांत सांगितलं.

त्यांनी रागावून काही म्हटलं नाही. नोव्हेंबरमध्ये इंजिन उतरवायचं ठरलंय. मूळ ब्लॉकची झीज बोअर न करता नुसतं होनिंग करून, म्हणजे आतून हलकं घासून, नव्या रिंगा घालण्याइतकी असेल, तर तोच परत बसेल. जास्त असेल तर तो तेल लावून, गुंडाळून, मूळ हेडच्या शेजारी ठेवायचा आणि ४६१ दुसऱ्या ब्लॉकमध्ये बांधायचं. ही नवी हेड त्यावर तशीच चढतील. गेल्या आठवड्यात दादांनी ओहायोतल्या एका ब्लॉकचे फोटो पाठवले. मी त्यांना कास्टिंग नंबर आणि बोअरची मापं मागवायला सांगितली आहेत.